शिसवी मेजाचे माहेर

बडोद्यास आमच्या घरी देवघराशेजारच्या खोलीत जे बैठे शिसवी मेज चार पिढ्यांपासून आपली जागा राखून आहे, त्याच्याविषयी घरात एकच आख्यायिका परंपरेने चालत आली होती. ती अशी की, हे मेज अस्सल पेशवाईतले असून, हुजूर दफ्तराच्या फडावर कारकुनी करणाऱ्या आमच्या कोणा पूर्वजाने साक्षात नाना फडणिसांच्या नजरेखाली यावर कीर्द लिहिली. पुरावा म्हणून वडील मंडळी झाकणाच्या आतल्या अंगास चिकटवलेला एक मोडी कागद दाखवीत. तो कोणासही वाचता येत नसल्यामुळे त्याचे प्रामाण्य निर्विवाद राहिले होते. कुळाचा कारकून, कुळाचे मेज आणि कुळाचा मोडी कागद अशी ही त्रयी इतकी सुसंगत होती की, तिची शहानिशा करण्याचा विचार आजोबांच्या काळी कोणाच्या मनास शिवला नाही.

मेज आहे मात्र मोठे देखणे. मांडी घालून बसले असता कोपरे सहज टेकतील एवढ्या उंचीचे, चार बुटक्या पायांवर उभे, उतरत्या झाकणाचे. झाकण उचलले की वरच्या काठाशी दौतीसाठी कोरलेला गोल खळगा, बोरूंसाठी लांबट खोबण आणि ओली शाई टिपणाऱ्या वाळूच्या डबीसाठी चौकोनी घर दिसते. आणि त्या घराची फळी डावीकडे सरकवली असता खालचा चोरकप्पा उघडतो. शिसवाचा रंग वयपरत्वे काळ्याकडे झुकला असला, तरी उन्हाची तिरीप पडली म्हणजे त्यातल्या तांबूस-जांभळ्या रेषा अजून जाग्या होतात. चारही कोपऱ्यांस धातूचे पत्रे जडवलेले आहेत, आणि त्यांपैकी तीन पितळेचे ओतीव, एकाच साच्यातले असून चौथा तांब्याचा, ठोकून घडवलेला, अंगभर बारीक खळ्या असलेला आहे. हा चौथा पत्राच मला पुण्यास घेऊन गेला असे म्हटले पाहिजे.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. चोरकप्प्याच्या तळफळीवर, थेट लाकडावर, शाईने बाळबोध अक्षरांत सात वारांची एक यादी लिहिलेली आहे. सोमवारपुढे वाई, मंगळवारपुढे राजापूर, गुरुवारपुढे मिरज, शनिवारपुढे पेण अशी गावांची नावे. बुधवारची जागा मोकळी. आणि प्रत्येक नावाखाली उभ्या रेघांच्या लहान लहान जुड्या. आजोबांच्या मते ही वसुलीची गावे होती आणि रेघा म्हणजे आलेले हप्ते. कारकुनाच्या मेजात वसुलीचाच हिशेब सापडायचा, हे त्यांचे अनुमान वरवर पाहता चुकीचे नव्हते. परंतु एका आठवड्यात वाई, राजापूर, मिरज आणि पेण फिरून येणारा कारकून त्या काळी कोणत्या घोड्यावर बसत असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला होता. मेज आले कोठून, याविषयी घरात माहिती होती ती इतकीच: पुण्याहून, कसब्यातून, तांबट आळीजवळच्या वाड्यातून, पणजोबांच्या काळी, प्लेगच्या साली.

म्हणून तो तांब्याचा कोपरा हलक्या हाताने उकलून, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून, सोबत यादीची व मोडी कागदाची छायाचित्रे घेऊन मी बडोद्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. पहाटे बोरघाटात बोगद्यांमागून बोगदे येऊ लागले, आणि ज्या वाटेने पणजोबा हे मेज घेऊन उलट दिशेस गेले असतील त्याच वाटेने त्याचा एक तुकडा आपण परत नेत आहोत, या जाणिवेने झोप उडाली ती पुणे स्टेशनापर्यंत पुन्हा आली नाही. दिवस बुधवारचा होता. मंगळवार पेठेकडून जाताना वाटेतच जुना बाजार लागला. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात पुण्याच्या मोडलेल्या संसारांचे अवशेष रस्त्याच्या कडेला मांडलेले असतात: पायाविना पलंग, आरशाविना आरसेदाणी, बंगईच्या पितळी कड्यांचे जुडगे, दारांवरच्या कोरीव गणेशपट्ट्या. एका विक्रेत्याजवळ आमच्याच घाटाचे, पण सागवानी, मेज पाहिले. कोणाचे म्हणून विचारता तो म्हणाला, ‘‘वाडा पाडला तिथनं आलंय साहेब. माणसं फ्लॅटात गेली.’’ कोणता वाडा, कोणती माणसं, हे त्यास ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे त्यास कारणही नव्हते. त्या मेजाचा इतिहास त्या उत्तरापाशी कायमचा संपला, याचे मला मनापासून वाईट वाटले.

कसबा ही पुण्याची मूळ वस्ती. बाकीच्या बहुतेक पेठा पेशवाईत शहर फुगत गेले तशा वसल्या, कसबा त्यापूर्वीचा. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने गाव जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची आणि पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजीसह येथे येऊन गाव पुन्हा वसवल्याची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. कसब्याचा गणपती त्या पुनर्वसाहतीपासून पुण्याचे ग्रामदैवत झाला. मी प्रथम तेथे जाऊन त्या शेंदूरचर्चित मूर्तीपुढे हात जोडले व मगच पेठेत शिरलो. पेठेच्या पोटातून आता भुयारी मेट्रो धावते, वर सात-सात मजली इमारती उठल्या आहेत. तथापि आळ्यांची नावे अद्याप धंद्यांची नावे आहेत. तांबट आळी, बुरूड आळी, फणी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा. शनिवारवाडा, लाल महाल यांकडे प्रवाशांची रीघ लागलेली असते. मला मात्र या आळ्याच पुण्याच्या इतिहासाचा अधिक विश्वसनीय दस्तऐवज वाटतात, कारण वाड्याचा धनी बदलला तरी आळीतला हातोडा चालू राहिला.

तांबट आळी डोळ्यांआधी कानांना सापडते. कोकणातून येऊन पेशव्यांच्या आश्रयाने येथे स्थिरावलेल्या तांबटांची घरे अजून तेथे आहेत. पूर्वी घरोघरच्या न्हाणीघरांत असणारे बंब, हंडे, घागरी येथून जात, आणि पोलादी भांड्यांनी तो व्यवहार आटवल्यावर निम्म्याहून अधिक हातोडे थांबले. जे उरले ते शोभेच्या वस्तू घडवतात. एका कारखान्याच्या उंबऱ्यावर बसून मी पंचा उलगडला. सत्तरीच्या घरातल्या त्या कारागिरांनी कोपरा हाती घेतला, उजेडाकडे फिरवला, आणि पत्र्यावरच्या खळ्यांवरून अंगठा असा फिरवला की जणू वाचीत आहेत.

‘‘हे मठारलेलंय,’’ ते म्हणाले. ‘‘पण भांडेवाल्याचा हात. बघा इकडं.’’

त्यांनी दाखवले ते मी शंभर वेळा पाहूनही पाहिले नव्हते. मठारताना पत्रा लोखंडी टेकणीवर धरून गुळगुळीत केलेल्या हातोड्याने शेजारी शेजारी ठोके देत जातात. प्रत्येक ठोक्याने तांबे दाबले जाऊन कठीण होते आणि एकसारख्या चकचकीत खळ्यांच्या ओळी उमटतात. भांडे गोल असल्यामुळे त्या ओळी वळत जातात. आमच्या कोपऱ्याच्या चपट्या पत्र्यावरही ओळींना किंचित वळण होते. म्हणजे हा पत्रा मूळचा कोपरा नव्हेच. एखाद्या जुन्या हंड्याचा वा घागरीचा तुकडा कापून, सपाट करून, मेजास बसवला होता. ‘‘पैसे नसतील घरात,’’ कारागीर सहज बोलून गेले. ‘‘पितळी कोपरा ओतून घ्यायचा तर साचा आला, कासाराकडं जाणं आलं. फुटका हंडा होता, त्याचा करून दिला. आमच्या आजोबांच्या वेळी अशी कामं शेजाऱ्यांची फुकटच करत.’’ त्यांनी तो कोपरा चिंच लावून घासला, तेव्हा गुलाबी तांबे उजळून आले, आणि पैसे विचारता त्यांनी हात जोडले.

पेशव्यांच्या फडावरच्या मेजास फुटक्या हंड्याचे ठिगळ! आख्यायिकेची पहिली फळी तेथे निखळली. पुढची निखळायला वेळ लागला नाही. पेठेतल्याच एका वृद्ध सुतारांनी छायाचित्रे पाहून सांगितले की, पेटीचे सांधे हाताने कापलेले, एकमेकांत गुंतवलेल्या असमान दातांचे आहेत, त्यांत खिळा नाही, म्हणून पेटी जुनी. पण बिजागऱ्यांचे स्क्रू टोकदार आहेत. असे यंत्रावर घडलेले टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच सर्वत्र रुळले. त्याआधीचे स्क्रू बोथट असत. पाय तर चरकावर कातलेले, आणखी अलीकडचे. एकाच मेजात निरनिराळ्या पिढ्यांची कामे नांदत होती, आणि प्रत्येक पिढीने मोडलेले तेवढे बदलून बाकीचे तसेच ठेवले होते. मला तर ही शुद्ध पेशवाई वस्तूपेक्षा अधिक आदरणीय गोष्ट वाटली.

मोडी कागदाचा निवाडा भारत इतिहास संशोधक मंडळात झाला. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत मोडी जाणणारी मंडळी अजून भेटतात. त्यांपैकी एका जाणकारांनी छायाचित्र मोठे करून, जिभेवर अक्षरे घोळवीत, कागद अर्ध्या तासात उलगडला. हा कागद हुजूर दफ्तराचा मुळीच नव्हे. कोणा सावकाराच्या खतावणीचे ते पान आहे. माथ्यावर सन समान अशर मयातैन व अलफ, म्हणजे सुहूर १२१८, आणि खाली माहे मोहरम. हा सन इसवी १८१७च्या मृगापासून सुरू होतो व त्यातला मोहरम नोव्हेंबरच्या मध्यास येतो. नाना फडणीस १८०० च्या मार्चात निवर्तले होते. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्याच सुमारास पुण्यातला एक सावकार नेहमीप्रमाणे देणेदारांची नावे एकाखाली एक मांडून बसला होता. मुद्दल लिहिले आहे, व्याज लिहिले आहे. वसुलाचा रकाना कोरा आहे. बखरी आणि खलिते लढायांचे वर्णन पुष्कळ करतात. परंतु राज्य जाते म्हणजे पेठेत नेमके काय होते, हे मला या कोऱ्या रकान्याने जितके उमजले तितके इतर कशाने उमजले नाही.

जाणकारांनी आणखी एक मर्म सांगितले. चालू खतावणीचे पान फाडून कोणी झाकणास चिकटवीत नाही. ते देणे बुडाले, सावकारी बसली, वही रद्दी झाली, त्यानंतरच कधीतरी ते अस्तर म्हणून वापरले गेले असणार. तेव्हा मेजावर बसणारा आमचा पूर्वज फडावरचा कारकून होता की सावकाराचा गुमास्ता, हे कागद सांगत नाही. तो एवढेच सांगतो की घरात सावकाराची रद्दी येत होती.

तरी आशा सुटत नाही. मी पुराभिलेखागाराच्या १८९१ साली बांधलेल्या दगडी इमारतीतही गेलो. पेशवे दफ्तराचे तीस हजारांहून अधिक रुमाल तेथे मांडण्यांवर ओळीने रचलेले आहेत. हुजूर दफ्तरात उत्कर्षकाळी दोनशेहून अधिक कारकून असत. चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे त्याचे मुख्य भाग, आणि चालत्या दफ्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, तरी दफ्तराचा बहुतांश अद्याप छापला गेलेला नाही. त्या दोनशेंमध्ये आमचा एक असेल किंवा नसेलही. त्या लाल-पांढऱ्या गाठोड्यांपुढे उभा असता मला त्याविषयी पूर्वीइतके अगत्य राहिले नाही, कारण आदल्या संध्याकाळी मी एका आजींना भेटून आलो होतो.

तांबटांनीच मला त्यांच्याकडे पाठवले होते. आमचा वाडा होता त्या जागेवर आता इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर त्या राहतात, शेजारच्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरू. नव्वदीला टेकलेल्या, पण नजर तीक्ष्ण. मी वाकून नमस्कार केला तर पहिला प्रश्न आला तो कसब्याचाच.

‘‘कुणाचे तुम्ही?’’

मी सांगितले. बडोदे म्हणताच त्यांनी मान हलवली. मला ठाऊक असलेली हकीकत त्यांच्या सासूबाईंकडून त्यांच्यापर्यंत आली होती: १८९७ चा प्लेग, गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्या, रस्त्यावर जाळलेले सामान, गावाबाहेरच्या झोपड्या, आणि त्या धामधुमीत बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात नोकरी धरून निघून गेलेला एक तरुण मुलगा. मागे राहिलेले कागद-पत्र, भांडी, फडताळांतल्या वह्या १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नेल्या. ‘‘मातीच्या भिंती हो, पाणी लागलं तशा विरघळल्या. सागवानी खांब तेवढे उभे,’’ त्या म्हणाल्या. आपल्या मेजाने प्लेगच्या साली कसबा सोडला नसता तर ते त्या दिवशी मुठेतून वाहून गेले असते, हे माझ्या तेव्हा प्रथम ध्यानात आले.

मग मी यादीचे छायाचित्र पुढे केले आणि आजोबांचे म्हणणे सांगितले. चष्मा पुसून आजींनी ते जवळ धरले, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा पालटत गेला.

‘‘अहो, वसुली कसली? ही वाराची मुलं. तुमच्या त्या आजी वार घालत. त्या वाड्याला वाराचा वाडाच म्हणत, सासूबाई सांगायच्या.’’

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाल्यावर गावोगावची गरीब मुले शिकण्यासाठी पुण्यास लोटली. ती सात दिवस सात घरी जेवत आणि रात्री मिळेल त्या ओसरीवर निजत. वाईचा मुलगा सोमवारचा, राजापूरचा मंगळवारचा. पणजोबांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या खापरपणजी, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. पदरी एक मुलगा, आणि उत्पन्न म्हणजे काय असेल ते असेल. त्या घरातून बुधवार सोडून रोज एक परका मुलगा जेवून उठत होता. रेघा म्हणजे तो जेवून गेल्याच्या खुणा. आजींनी बोट ठेवले तेथे मिरजेच्या रेघांमध्ये बारीक अक्षरांत दोन शब्द होते, जे आम्ही शाईचा डाग समजत आलो: ताप, पेज. आजारी मुलास त्या दिवशी पेज दिली, एवढी नोंद. बुधवार मोकळा का, तर आजी म्हणाल्या, ‘‘एक दिवस तिलाही उपास असेल की.’’ ते खरे असो वा नसो. उपासाचा दिवस दुसऱ्याच्या ताटाशी जुळवून ठेवणारी बाई मी कसब्यात माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, ती ह्याच आजींच्या रूपाने, कारण त्यांनी मला जेवल्याशिवाय उठू दिले नाही.

आमच्या कुलवृत्तांतात खापरपणजींस एक ओळ मिळाली आहे: माहेरचे नाव, सासरचे नाव, अपत्य एक. ज्याचा पुरावा नाही त्या कारकुनास तेथे अर्धे पान आहे. मला आता ते पान उलटे लिहावेसे वाटते. हे मेज पेशवाईच्या कारकुनाचे असेल तर असो. त्याचा निर्विवाद, स्वहस्ते लिहिलेला, लाकडात मुरलेला हिशेब मात्र तिचा आहे. फुटक्या हंड्याचा कोपरा तिच्याच दारिद्र्याची खूण आहे, आणि तो बसवून देणारा तांबट, दात कापणारा सुतार यांची नावे कोणत्याही वृत्तांतात नसली, तरी मेजाच्या अंगावर त्यांचे हात आहेत. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ जमवलेल्या दौती, कलमदाने, पेटारे, दरवाजे पाहताना मला हाच विचार सारखा येत होता. त्या थोर माणसाने मोडत्या वाड्यांतून वस्तू वाचवल्या, आणि १९७५ मध्ये सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला, हे महाराष्ट्रावरचे ऋणच आहे. पण वस्तूबरोबर तिचे सांगणेही वाचले पाहिजे, आणि ते वाचवण्याचे काम संग्रहालयाचे नसून ज्याच्या घरात वस्तू आहे त्याचे आहे.

कसब्यात, सदाशिवात, नाशकात, वाईत, सातारला ज्यांच्या वाड्यांचे करार आज बांधकाम व्यावसायिकांशी होत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लाकूड विकण्यापूर्वी खण उपसून तळफळ्या पाहाव्यात, अस्तराचे कागद ओढून न काढता त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मोडी असतील तर मंडळात नेऊन वाचून घ्यावीत. आणि शेजारी जी म्हातारी माणसे हयात आहेत त्यांच्यापाशी जाऊन वस्तू कोणी वापरली, कोणी दुरुस्त केली, हे नावनिशीवार लिहून त्याच वस्तूच्या खणात ठेवावे. हे काम पावसाळ्यापूर्वी करावे. आमच्या शेजारच्या आजी पुढच्या महिन्यात मुलाकडे नाशकास कायमच्या राहावयास जात आहेत, आणि त्यांच्या इमारतीत वाराचा वाडा आठवणारे दुसरे कोणी नाही.